मोटारींच्या शर्यती : नियम आणि न्याय

जानेवारी १९६६ मध्ये माँटे कार्लो येथे संपलेल्या मोटारींच्या सुप्रसिद्ध रॅलीत पहिल्या चार क्रमांकांच्या चारही गाड्या बाद करण्यात आल्या, आणि पाचव्या क्रमांकावर आलेल्या गृहस्थास विजेता म्हणून जाहीर करण्यात आले. या गाड्यांची इंजिने नियमापेक्षा मोठी निघाली नव्हती, त्यांचे वजन कमी भरले नव्हते, वाटेत त्यांनी एखादा आडमार्ग धरला होता असेही नाही. दोष निघाला तो त्यांच्या पुढील दिव्यांत. ज्या दिव्यात दोन तंतू असावयास हवे होते, त्यात एकच होता.

माँटे कार्लोची रॅली ही बंदिस्त वर्तुळावर फेऱ्या घालण्याची शर्यत नव्हे. त्या काळी युरोपातील निरनिराळ्या शहरांहून गाड्या निघत, ऐन हिवाळ्यात दिवसरात्र चालून मोनाकोच्या दिशेने येत, आणि आल्प्सच्या घाटांत, बर्फाने गुळगुळीत झालेल्या वळणांवर, घड्याळाशी त्यांची खरी झुंज होई. असल्या रात्रीच्या प्रवासात दिव्याला केवढे महत्त्व असेल हे सांगावयास नकोच. १९६४ साली ही रॅली पॅडी हॉपकर्क याने ‘मिनी’ या इवल्याशा ब्रिटिश गाडीतून जिंकली. पुढच्या वर्षी टिमो मॅकिनेन या फिनलंडच्या चालकाने त्याच गाडीतून तो पराक्रम पुन्हा केला. मोठमोठ्या, भारी किमतीच्या गाड्यांना बाजारात कोणीही विकत घ्यावी अशी ही चिमुकली गाडी मागे टाकते, याचे सर्वसामान्य लोकांना मोठे कौतुक वाटे. १९६६ मध्ये तर मिनीने कहरच केला. पहिला मॅकिनेन, दुसरा रॉनो आल्टोनेन, तिसरा हॉपकर्क, असे तिन्ही क्रमांक तिने पटकाविले. चौथा रॉजर क्लार्क आला, तोही फोर्डच्या ब्रिटिश कारखान्यातील कॉर्टिना गाडीतून.

त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियमावली नव्यानेच अमलात आली होती. तिच्या पहिल्या गटातील गाडी कारखान्यातून ग्राहकाकडे जाते तशीच असली पाहिजे, आणि अशा निदान पाच हजार गाड्या बारा महिन्यांत तयार झालेल्या असल्या पाहिजेत, असा दंडक होता. संयोजकांनी गुणांची पद्धती अशी ठेविली होती की, इतर गटांतील गाड्यांना जिंकण्याची फारशी आशा उरू नये. तेव्हा बहुतेक कारखान्यांनी आपल्या गाड्या पहिल्याच गटात उतरविल्या. रॅली संपल्यावर तपासनिसांनी मिनी गाड्यांचा एकेक भाग सुटा केला. तासन्‌तास मापे घेतली, वजने केली, पुन्हा मापे घेतली. इंजिनात काही निघाले नाही, चाकांच्या अंतरातही काही निघाले नाही. शेवटी नजर दिव्यांकडे वळली. या गाड्यांना त्या वेळी नवे असलेले आयोडीन-बाष्पाचे प्रखर दिवे बसविलेले होते. त्यांत तंतू एकच असल्यामुळे ते मंद करता येत नसत. समोरून गाडी आली म्हणजे चालक मुख्य दिवे मालवी आणि जोडदिव्यांवर काम भागवी. ग्राहकाला मिळणाऱ्या गाडीत मात्र दोन तंतूंचे साधे दिवे असत. गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि पहिल्या चौघांबरोबर इतरही अनेक गाड्या यादीतून गेल्या. त्यांत महिलांच्या पारितोषिकाची मानकरी रोझमेरी स्मिथ हीही होती.

कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर तपासनिसांची बाजू अगदीच लंगडी होती असे म्हणता येत नाही. नियम लिहिलेला होता, दिवा वेगळा होता, आणि चांगला दिवा रात्रीच्या घाटात उपयोगी पडतो हे कोणीही नाकारणार नाही. परंतु या निर्णयावर जो डाग बसला तो पुसला गेला नाही, याचे कारण त्याच्या क्रमात आहे. सामान्यतः दोष दिसतो आणि मग तपास सुरू होतो. येथे तपास आधी सुरू झाला, आणि एकामागून एक वस्तू निर्दोष ठरत गेल्यावर सरतेशेवटी दोष हाती लागला. शिवाय संयोजक फ्रेंच भाषिक, बाद झालेल्या गाड्या ब्रिटिश, आणि विजयी ठरलेली गाडी फ्रेंच कारखान्याची, हा योग लोकांच्या डोळ्यांत खुपल्यावाचून राहणे शक्यच नव्हते. आंतरराष्ट्रीय महासंघाकडे अपील झाले, ते फेटाळले गेले.

विजयी ठरला तो पाउली टोइव्होनेन. तोही फिनलंडचाच, आणि सित्रोएन गाडीचा चालक. आपण पाचवे आलो हे त्याला पक्के ठाऊक होते. त्या पारितोषिकाचा आनंद त्याला झाला नाही. मोनाकोचे राजे रेनिए प्रथेप्रमाणे समारंभास हजर राहावयाचे, तेही त्या दिवशी हजर राहिले नाहीत. न्यायाच्या नावाने दिलेले बक्षीस घेणारासच नकोसे वाटावे, असा प्रसंग खेळांच्या इतिहासात विरळा. बरोबर वीस वर्षांनी, १९८६ साली, पाउलीचा पुत्र हेन्री याने हीच रॅली निर्विवाद जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात कॉर्सिका बेटावरील रॅलीत त्याचा अपघाती अंत झाला. मिनीबद्दल सांगावयाचे तर, १९६७ मध्ये आल्टोनेन दिव्यांची पूर्ण खबरदारी घेऊन आला आणि पहिला क्रमांक घेऊन गेला.

एवढा गोंधळ होतो तर मग असे नियम हवेतच कशाला, असा प्रश्न सहज मनात येतो. त्यासाठी या खेळाच्या बाळपणाकडे जावे लागते. आरंभीच्या शर्यतींत वेग वाढविण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे इंजिन मोठे करणे. या वाढीला आळा बसावा म्हणून १९०२ पासून मोठ्या गाड्यांचे वजन एक हजार किलोग्रॅमहून अधिक असू नये असे ठरले. हेतू उत्तम, परिणाम विपरीत! कारागिरांनी इंजिन लहान केले नाही. त्यांनी सांगाड्याला भोके पाडली, आसने काढली, पट्ट्या पातळ केल्या आणि त्या दुबळ्या सांगाड्यावर पूर्वीपेक्षाही मोठे इंजिन चढविले. २४ मे १९०३ रोजी पॅरिस ते माद्रिद शर्यत सुटली, ती अपघातांमागून अपघात झाल्यामुळे फ्रेंच सरकारला बोर्दो येथेच थांबवावी लागली. कारखानदार रेनो बंधूंपैकी मार्सेल तीत प्राणास मुकला. त्या दिवशीच्या अपघातांचा सगळा दोष वजनाच्या नियमावर टाकणे योग्य होणार नाही. धुळीने भरलेले उघडे रस्ते आणि रस्त्यात घुसलेली गर्दी ही कारणे अधिक मोठी होती. तथापि नियम करणारास कारागिराच्या बुद्धीचा अंदाज नसतो, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

पुढे नियम बदलत गेले. १९०७ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये वजनाची मर्यादा सोडून शंभर किलोमीटरला तीस लिटर एवढेच पेट्रोल देण्यात आले. १९३४ साली पुन्हा वजन आले, या खेपेस साडेसातशे किलोग्रॅमचे. या नियमाशी एक आख्यायिका जोडलेली आहे. जर्मनीतील आयफेल शर्यतीच्या आदल्या रात्री मर्सिडीजची नवी गाडी काट्यावर एक किलोग्रॅम जास्त भरली, तेव्हा संघाचे व्यवस्थापक नॉयबाउअर यांनी तिचा पांढरा रंग रातोरात खरवडून काढविला. खालचे चकचकीत ॲल्युमिनियम उघडे पडले आणि ‘रुपेरी बाण’ हे नाव जन्मास आले, असे ते स्वतः सांगत. गोष्ट मोठी गोड आहे. दुर्दैवाने संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की, ती विशिष्ट शर्यत साडेसातशे किलोग्रॅमच्या नियमाखाली घेतलीच गेली नव्हती. तरीही ती सांगितली जाते, कारण एका किलोग्रॅमने माणसाचे भवितव्य ठरते ही कल्पनाच मनाची पकड घेणारी आहे.

आणि ती कल्पना पुढे वारंवार खरी झाली. २ मे १९७६ रोजी स्पेनमध्ये हारामा येथे जेम्स हंट याने मॅक्लॅरेन गाडीतून ग्रां प्री जिंकली. ट्रॅक्टरखाली सापडून बरगड्या मोडलेला निकी लाउडा दुसरा आला. गाड्यांच्या रुंदीची नवी मर्यादा त्याच शर्यतीपासून अमलात आली होती. रुंदी २१५ सेंटीमीटर असावी, अधिक नव्हे. तपासणीत हंटच्या गाडीची मागची बाजू १·८ सेंटीमीटर जास्त भरली. यात एक विलक्षण गोम अशी होती की, ही मर्यादा ठरविताना सर्वांत रुंद म्हणून मॅक्लॅरेनचीच गाडी डोळ्यांपुढे ठेवण्यात आली होती. पुढे टायर बदलले, नव्या टायरांची कूस थोडी अधिक फुगली, आणि ज्या गाडीवरून माप घेतले तीच मापाबाहेर गेली. संघाने शर्यतीपूर्वी पुन्हा टेप लावून पाहावयास हवी होती, हा हलगर्जीपणा खराच. हंट बाद झाला, लाउडा विजयी ठरला. जुलैमध्ये अपील न्यायालयाने गाडीच्या वेगावर या चुकीचा काही परिणाम झालेला नाही असे मानून हंटला विजय परत दिला आणि संघाला दंडावर सोडले.

त्याच वर्षी ब्रिटिश ग्रां प्रीत उलट घडले. तेथे हंट जिंकला, परंतु पहिल्या फेरीतील अपघातानंतर तो शर्यतीत राहण्यास पात्र होता की नव्हता याचा वाद सप्टेंबरपर्यंत चालला आणि तो विजय लाउडाकडे गेला. दरम्यान ऑगस्टमध्ये लाउडा आगीत होरपळून मृत्यूच्या दारातून परत आला होता. जपानमधील अखेरच्या शर्यतीनंतर हंटचे ६९ गुण झाले, लाउडाचे ६८. स्पेनमधील नऊ गुण परत मिळाले नसते तर त्या वर्षीचा जगज्जेता दुसराच असता. पॅरिसमधील एका खोलीत बसून कोणी तरी १·८ सेंटीमीटरांचा अर्थ लावला, आणि जगज्जेतेपदाची वाट ठरली.

हंटच्या बाजूने दिला गेलेला हा निर्णय सहानुभूतीला पटतो. परंतु त्यातून जे तत्त्व निघते ते धोक्याचे आहे. नियमभंगाने लाभ झाला किंवा नाही हे पंचांनी पाहावयाचे ठरले, की पंचाला अंदाज करणे आले, अंदाज आला की मत आले, आणि मत आले की आवडनिवड आली. मोजपट्टीला कोणी आवडत नाही आणि कोणी नावडत नाही. एवढ्याच कारणासाठी, तांत्रिक नियमांत हेतू आणि लाभ यांचा विचार करू नये, माप चुकले की गाडी गेली, हा कठोर पंथ या खेळात हळूहळू रूढ झाला. तो पंथ एकंदरीत योग्यच म्हटला पाहिजे. मात्र त्याला दोन अटी आहेत. मोजपट्टी निःसंशय असली पाहिजे, आणि ती सर्वांना सारखी लावली गेली पाहिजे.

पहिली अट किती अवघड असते ते १७ ऑक्टोबर १९९९ रोजी मलेशियात दिसले. फेरारीच्या दोन्ही गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या. त्यांच्या अंगाला बाजूस बसविलेल्या हवा वळविणाऱ्या पत्र्यांचे माप दहा मिलिमीटरांनी चुकलेले सांगून त्या बाद करण्यात आल्या आणि मिका हॅकिनेन जगज्जेता झाला. हे पद सहा दिवस टिकले. पॅरिसच्या अपील न्यायालयात मोजण्याची पद्धतीच पुरेशी अचूक नव्हती असे ठरले. योग्य रीतीने धरल्यास फरक पाच मिलिमीटरांच्या सवलतीत बसतो, असे सांगून निकाल फिरविण्यात आला. हॅकिनेनने जपानची शर्यत जिंकून ते पद पुन्हा मिळविले, म्हणून प्रकरण मिटले. तो हरला असता तर मोजणाऱ्याच्या हातातील साधनावर किती शाई खर्ची पडली असती, कोण जाणे.

दुसऱ्या अटीसंबंधी सर्वांत बोलके उदाहरण लाकडी फळीचे आहे. एप्रिल-मे १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रॅट्झेनबर्गर व आयर्टन सेना यांचे लागोपाठच्या दिवशी मृत्यू झाले. त्यानंतर गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी जे उपाय योजले गेले त्यांत गाडीच्या पोटाखाली दहा मिलिमीटर जाडीची फळी बसविण्याचा एक होता. गाडी जमिनीला फार चिकटून धावली तर फळी झिजते. एक मिलिमीटर झीज क्षम्य, त्याहून अधिक झिजली की गाडी बाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियममध्ये मिखाएल शूमाखर या फळीपायी जिंकलेली शर्यत गमावून बसला. गाडी गिरकी खाऊन कडेच्या दगडी पट्टीवर घासली म्हणून फळी झिजली, असे त्याच्या संघाचे म्हणणे. पंचांना ते पटले नाही. नियम सुरक्षिततेसाठी होता, माप स्पष्ट होते, तक्रारीला जागा थोडी होती.

परंतु २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेत ऑस्टिन येथे निराळाच प्रश्न उभा राहिला. शर्यतीनंतर चारच गाड्यांच्या फळ्या तपासण्यात आल्या. त्या चारांपैकी दोन, लुइस हॅमिल्टनची व शार्ल लक्लेर्कची, नियमापेक्षा अधिक झिजलेल्या निघाल्या आणि दोघेही बाद झाले. रस्ता खडबडीत होता, सरावाला एकच तास मिळाला होता, तेव्हा सर्वांचीच स्थिती कमीअधिक सारखी. चारांत दोन सदोष निघतात तर उरलेल्या गाड्यांत एकही नसेल काय? त्या उघडून पाहण्यात आल्या नाहीत. सगळ्या गाड्या दर वेळी सुट्या करून तपासणे शक्य नाही, वेळ नसतो, हे महासंघाचे उत्तर व्यवहाराला धरून आहे. तरीही ज्याची झडती झाली तोच चोर ठरला, ही भावना त्यामुळे जात नाही. निदान नमुन्यातच निम्मे दोषी आढळल्यावर झडती वाढवावी, एवढे तरी नियमात असावयास हरकत नव्हती.

याउलट २८ जुलै २०२४ चा बेल्जियममधील प्रसंग पाहावा. जॉर्ज रसेल एकदाच टायर बदलून, झिजत चाललेल्या टायरांवर नेटाने गाडी हाकीत पहिला आला. त्याची गाडी काट्यावर बरोबर ७९८ किलोग्रॅम, म्हणजे नियमातील किमान वजनाइतकी भरली. मग टाकीत उरलेले २·८ लिटर पेट्रोल काढून घेतले आणि पुन्हा वजन केले, तेव्हा काटा ७९६·५ वर थांबला. दीड किलोग्रॅम! दीर्घकाळ वापरलेल्या टायरांचे रबर झिजून वजन घटले असावे, असा तर्क झाला. म्हणजे ज्या धाडसाने शर्यत जिंकली त्याच धाडसाने ती हिरावून नेली असण्याचा संभव आहे. संघाने काट्यावर आक्षेप घेतला नाही, अपीलही केले नाही. विजय हॅमिल्टनकडे गेला. यानंतर दहाच दिवसांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ही कुस्तीगीर अंतिम लढतीच्या दिवशी शंभर ग्रॅमने अधिक भरून बाद झाली, तेव्हा आपल्याकडे घरोघरी या विषयाची चर्चा झाली होती. काटा तोच, फक्त पारडे उलट.

मापाच्या नियमांबद्दल इतके झाल्यावर शिक्षेचा प्रश्न उरतो, आणि अन्याय बहुधा तेथेच दडलेला असतो. मोटारशर्यतीत गाडी एकाची, बनविणारे दुसरे, आणि हाकणारा तिसराच. दोष गाडीत असला तर शिक्षा कोणाला? १९९५ च्या ब्राझील ग्रां प्रीनंतर शूमाखर व डेव्हिड कूल्टहार्ड यांच्या गाड्यांतील पेट्रोल आधी दिलेल्या नमुन्याशी जुळत नाही, असे आढळले. दोघेही बाद झाले. पण अपिलात चालकांचे गुण त्यांना परत मिळाले; संघांचे गुण मात्र परत मिळाले नाहीत. पेट्रोल कोणते भरावयाचे हे चालकाच्या हाती नसते, या विचारात शहाणपण होते. तरी हा विवेक नंतरच्या काळात सातत्याने पाळला गेला असे नाही, आणि अकरा वर्षांपूर्वी, जेव्हा त्याची अधिक गरज होती, तेव्हा तर तो कोणास सुचलाही नव्हता.

ती हकीकत टिरेल संघाची. केन टिरेल हे मूळचे लाकडाचे व्यापारी. त्यांच्या संघातून जॅकी स्ट्यूअर्ट तीनदा जगज्जेता झाला. परंतु १९८४ पर्यंत काळ बदलला होता. इतर सर्व संघांकडे टर्बो जातीची बलाढ्य इंजिने आली होती. टिरेलकडे तेवढी साधे, जुन्या धाटणीचे फोर्ड-कॉसवर्थ इंजिन उरले होते. ताकदीत उणीव, तेव्हा हलकेपणाचाच काय तो आधार.

या आधाराचा इतिहास दोन वर्षे मागे जातो. १९८२ साली काही संघांनी ब्रेक थंड ठेवण्यासाठी म्हणून पाण्याच्या टाक्या बसविल्या. शर्यत सुरू होताच पाणी सांडून जाई, गाडी हलकी होऊन धावे, आणि शेवटी वजनापूर्वी ‘पातळ द्रव्ये पुन्हा भरण्याची’ नियमातील मुभा वापरून टाकी भरली जाई. ब्राझीलमध्ये पहिला आलेला नेल्सन पिके व दुसरा आलेला केके रोझबर्ग यांना यासाठी बाद करण्यात आले. बहुतेक ब्रिटिश संघांनी चिडून इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला, आणि शर्यतीनंतर पाणी भरण्याची ही मुभा बंद झाली. टिरेलने १९८४ मध्ये शोधलेली युक्ती हिचीच धाकटी बहीण होती. इंजिनात पाण्याचा फवारा सोडण्याची टाकी त्यांच्या गाडीत होती. शर्यत संपत आली की गाडी क्षणभर थांबे आणि टाकीत पाणी भरले जाई. त्या पाण्याबरोबर शिशाचे बारीक छर्रे असत. काट्यावर गाडी बरोबर ५४० किलोग्रॅम भरे. टाकी दाबाने भरली जात असल्यामुळे काही छर्रे बाहेर उडून शेजारच्या संघांच्या अंगणात पडत, असेही सांगतात.

ही चलाखी होती, यात शंका नाही. गाडी शर्यतभर कमी वजनाने धावली असावी हे उघड आहे. जून १९८४ मध्ये डिट्रॉइट येथे टिरेलचा तरुण चालक मार्टिन ब्रंडल टर्बो गाड्यांच्या गर्दीतून दुसरा आला, तेव्हा तपासनिसांनी त्या टाकीतील पाण्याचा नमुना घेतला. येथून पुढे प्रकरणाचा रंग पालटतो. आरंभी आरोप असा की, पाण्यात पेट्रोलजन्य द्रव्ये मोठ्या प्रमाणात आहेत, म्हणजे पाण्याच्या नावाखाली इंधन भरले जाते. फेरतपासणीत ते प्रमाण अगदी क्षुल्लक निघाले. हा आरोप ढासळल्यावर भर छऱ्यांवर आला. वजनासाठी ठेविलेली वस्तू हत्याराशिवाय काढता येणार नाही अशी घट्ट बसविलेली असावी, असा नियम होता. टिरेलचे उत्तर असे की, छर्रे बंद टाकीत आहेत आणि टाकी उघडावयास हत्यार लागतेच. ऑगस्टअखेर अपील न्यायालयाने ते नाकारले.

शिक्षा झाली ती अशी : त्या वर्षीच्या सर्व शर्यतींतील टिरेलचे सर्व निकाल रद्द, आणि उरलेल्या तीन शर्यतींत प्रवेश बंद. एका शर्यतीची नव्हे, एका गाडीची नव्हे, संबंध वर्षाची पाटी कोरी. हा खेळ जागतिक स्पर्धेच्या रूपात १९५० पासून चालला आहे. त्यात कोणत्याही संघाला तोपर्यंत इतकी कडक शिक्षा झाली नव्हती. हिच्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती विसरता येत नाही. पुढील वर्षी शर्यतीतील पेट्रोलची मर्यादा २२० लिटरवरून १९५ वर यावयाची होती. टर्बो संघांना ही कपात नको होती, कारण त्यांची इंजिने अधिक पेट्रोल पीत. नियम बदलावयास सर्वांची संमती लागे, आणि संमती न देणारा संघ एकच होता, टिरेल. तो बाहेर गेला आणि १९८५ साली मर्यादा २२० लिटरच राहिली. यावरून निकाल ठरवून दिला गेला असे सिद्ध होत नाही. परंतु ज्यांच्या हिताआड एक माणूस उभा आहे अशांच्या मंडळींत त्या माणसाच्या अपराधाचा निवाडा व्हावा, ही रचनाच संशयाला घर देणारी होती. दोष कदाचित खरा असेल. आरोप मात्र वाटेत बदलला, आणि शिक्षा दोषाच्या मापाने बेतलेली दिसत नाही. मापांच्या खेळात एवढेच एक माप कोणी घेतले नाही.

ब्रंडलचे डिट्रॉइटचे दुसरे स्थान गेले. डॅलस येथे सरावात पाय मोडून घेऊन तो त्या वेळी अंथरुणावर होता. त्याचा सहकारी स्टेफान बेलोफ हा जर्मन तरुण. ३ जून १९८४ रोजी मोनाकोमध्ये कोसळत्या पावसात बेलोफने सर्वांच्या मागून, विसाव्या जागेवरून सुरुवात केली होती. पाण्याने भरलेल्या त्या अरुंद रस्त्यांवर इंजिनाची ताकद फारशी उपयोगाची नव्हती. एकेकाला मागे टाकीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला. पुढे अॅलन प्रॉस्ट आणि आयर्टन सेना एवढे दोघेच उरले असता, एकतिसाव्या फेरीनंतर पावसामुळे शर्यत थांबविण्यात आली. व्यासपीठावर तिघे उभे राहिले. त्या दिवशी टाकीत काय होते हे बेलोफने ठरविले नव्हते, आणि त्या पावसात गाडी हाकण्याचे काम टाकीने केले नव्हते.

१ सप्टेंबर १९८५ रोजी बेल्जियममधील स्पा येथे दुसऱ्या एका शर्यतीत बेलोफ मरण पावला, वय सत्तावीस. जागतिक स्पर्धेच्या कोणत्याही शर्यतीत त्यापूर्वी किंवा त्यानंतर तो पहिल्या तिघांत आला नाही. मोनाको १९८४ च्या अधिकृत निकालात तिसऱ्या क्रमांकापुढे फेरारीचा चालक रने आर्नू याचे नाव आहे.